न मोडलेलं हळकुंड

निरोप आला तेव्हा मी शाळेत होते. घेतलेली रजा संपली म्हणून त्या दिवशीच हजर झाले होते. गावात फोन एकच, पिठाच्या गिरणीत. गिरणीवाले काका सायकल टाकून शाळेपर्यंत आले, वर्गाच्या दारात उभे राहिले, आणि पोरांसमोर बोलावं की नाही अशा पेचात पडून नुसती डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. तेवढ्यावरच मला कळलं. "बाई, नांदेडहून फोन व्हता. तुमचे सासरे..." एवढंच म्हणाले. फळ्यावर वजाबाकीचं गणित अर्धं राहिलं होतं, ते मी पूर्ण केलं. का केलं ते मला अजून सांगता येत नाही. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं, मग मी पर्स उचलली. एसटीत बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. मामांचा आला, आणि मामांपेक्षा जास्त माझा स्वतःचा. दीड महिना होत आला, तो राग उतरलेला नाही, आणि हा लेख मी त्या रागातच लिहितेय हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहायची पद्धत आहे, पण ती मला या वेळी जमणार नाही.

तुळशीराम हे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते, म्हणून मामा; मोंढ्यातही सगळे त्यांना मामाच म्हणायचे. हिंगोलीच्या मोंढ्यात एका अडतीच्या दुकानात त्यांनी उभा जन्म एकच काम केलं, हळद पारखायचं. शेतकरी पोती घेऊन यायचा, मामा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातलं एक हळकुंड काढायचे, कानाजवळ धरून मोडायचे. कट्ट असा आवाज आला तर वाळली, नुसतीच वाकली तर ओल आहे. मग मोडलेली बाजू उन्हात धरून आतला रंग बघायचा. आणि शेवटी एक तुकडा दाढेखाली. नीट शिजली की नाही हे म्हणे डोळ्यांना फसवू शकतं, दाढेला नाही. चावून झालं की थुंकायचे आणि एकच शब्द बोलायचे, "शिजली" किंवा "कच्ची". हर्राशीला उभे असलेले व्यापारी त्या एका शब्दावर बोली वरखाली करायचे. शेतकरी रागावले तरी मामा शब्द फिरवायचे नाहीत. "न बघता सांगू न्हाई अन् बघून झाल्यावर बदलू न्हाई," हे त्यांचं म्हणणं. अंगातल्या सदऱ्याचा खिसा कायम पिवळा, कारण त्यात नेहमी एखाददुसरं हळकुंड असायचंच. दुकानात पानसुपारी खाणारे बाकीचे, हे आपले हळद चघळणारे.

माझी आणि त्यांची ओळखसुद्धा हळदीवरूनच झाली. माझं माहेर आखाडा बाळापूरचं. लग्नाच्या आदल्या दिवशी हिंगोलीहून वराकडची हळद आली, आणि पाठोपाठ स्वतः मामा आले. नवऱ्या मुलाच्या बापाने असं मांडवात येऊन बसायचं नसतं, आमच्या आत्या-मावश्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मामांनी आमच्या घरच्यांनी आणून ठेवलेलं हळकुंड मागितलं, मोडलं, चावलं आणि म्हणाले, "कच्ची हाय. लेकराच्या अंगाला ही लावू नका." मग आपल्या पिशवीतली काढून दिली. मी आतल्या खोलीच्या दारामागून बघत होते. त्या वेळी मला वाटलं, ह्या माणसाच्या घरात आपलं कसं व्हायचं... पण लेकीसारखं वागवतो असं नुसतं म्हणणारे सासरे पुष्कळ पाहिले, मामांनी करून दाखवलं. आमच्या मुलीच्या, मंजूच्या जन्मानंतर मला शाळेवर परत जायचं होतं. घरात कुणालाच ते पटत नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. गजाननराव एसटी डेपोत मेकॅनिक, तेव्हा म्हणायचे, घरात काय कमी आहे. मामा ओसरीवरून उठून आत आले आणि म्हणाले, "तिला तिचं काम येतं. येणारं काम माणसाकडून काढून घेऊ न्हाई, माणूस सुकतो." तेवढ्यावर माझी नोकरी टिकली. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ ह्यात आहे.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला मामांचे दात गेले. एकेक करत गेले, मागच्या दोन दाढा तेवढ्या राहिल्या. गजाननरावांनी कवळी करून आणली. जेवताना मामा ती लावायचे, पण हळद पारखताना काढून रुमालात गुंडाळून ठेवायचे. "प्लास्टिकला काय कळतं? त्याला भाकर अन् हळद सारखीच." मग उरलेल्या दोन दाढांवर तुकडा सरकवायचे, जिभेने, जपून. पहिल्यासारखं पटकन व्हायचं नाही. दुकानात कुजबुज सुरू झालीच होती. शेठचा मुलगा एकदा सहज बोलावं तसं म्हणाला होता की मामांना आता गादीवर बसवू, बघायचं काम दुसरं कुणी करील. मामांनी ते घरी येऊन मला सांगितलं, आत्यांना नाही, मुलाला नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सांगताना हसत होते, पण त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

आणि मग तो रविवार. मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. औंढ्याकडचे एक ओळखीचे शेतकरी आले, त्यांचं नाव मी लिहिणार नाही. मोंढ्यात पोती नेण्याआधी मामांना दाखवून घ्यावं म्हणून रुमालात चार हळकुंडं बांधून आणली होती. चुलीवर कढई लावून घरच्या अंगणात हळद शिजवलेली, नीट शिजली की नाही याची मनात धाकधूक. मामांनी कवळी काढली, रुमालात ठेवली, हळकुंड मोडलं आणि तुकडा तोंडात टाकला. तो दाढेवर जायच्या आतच ते पाहुणे म्हणाले, "मामा, जन्मभर तुमी हळदीला चावलं, आता हळदीची पाळी दिसून राहिली." मामांना खरंच हसू आलं. तोंड उघडं टाकून ते हसले, आणि हसताना आत ओढलेल्या श्वासाबरोबर तो तुकडा गेला. पुढचं सांगायला मला अजून त्रास होतो. चेहरा काळानिळा पडला, डोळ्यांतून पाणी, खोकल्याची अशी ढास लागली की ते बाजेवरून खाली आले. मी तांदळाचं सूप फेकून धावले, पाठीत बुक्क्या घातल्या. थोड्या वेळाने श्वास सुरू झाला. पाणी प्यायले, तोंड पुसलं, म्हणाले, "गेलं पोटात." पाहुणे हात जोडून उभेच होते, रुमाल तसाच उघडा. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शिजली हाय. घेऊन जा मोंढ्यात." पाहुणे गेले. न बघता दिलेला तो त्यांचा पहिला शब्द, निदान माझ्या समोरचा तरी. मग मला म्हणाले, "शालन, हे घरात काढू नको. गजाननला तर अजाबात न्हाई. हळद पारखणाऱ्याच्या घशात हळद अडकली हे शेठच्या कानावर गेलं, तर उद्याच मला घरी बसवतेल." मी बरं म्हणाले. माझी नोकरी त्यांनी टिकवली होती, आता त्यांची मी टिकवायची... हे ते बोलले नाहीत, मीही नाही, पण ते आमच्या दोघांच्या मध्ये उभं होतं.

दोन-तीन दिवसांनी ते ओसरीवर बसून म्हणाले, "छातीत शिट्टी वाजून राहिली. उजव्या अंगानं. तुला ऐकू येती का?" सून कधी सासऱ्याच्या छातीला कान लावते का? मी चार हात लांब उभी राहून ऐकलं. ऐकू येत होती. श्वास सोडताना बारीक, दार नीट न बसल्यावर वारा शिरतो तशी. मी म्हणाले, "मामा, ते पोटात न्हाई गेलं. दवाखान्यात जाऊ." तर म्हणाले, "हळद हाय ती, इख न्हाई. जखमेवर आपण हळदच लावतो ना? पोटात गेली काय अन् छातीत गेली काय, विरघळून जाईल. उलट आतून धुऊन काढंल." आणि मी, डी.एड. झालेली बाई, वर्गात एखाद्या लेकराने चिंचोका तोंडात घातला तर आधी त्याच्या गालात बोट घालणारी मी, हे ऐकून गप्प बसले. कारण मलाही तसंच वाटलं. लेकरांच्या नळीत काही अडकतं हे मला ठाऊक होतं, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत एखादी वस्तू महिनोन्‌महिने बसून राहू शकते हे डोक्यातच आलं नाही. त्यातून ती हळद. हळदीनं कुणाचं वाईट झाल्याचं आमच्या मुलखात कुणी ऐकलंय का? पुढे खोकला लागला तेव्हा आत्या रोज संध्याकाळी त्यांना हळद घातलेलं गरम दूध द्यायला लागल्या. हळदीने आणलेल्या खोकल्यावर हळदीचा उतारा. मामा ते दूध पिताना माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे, मी मान खाली घालायची.

खोकला आला तो गेलाच नाही. पावसाळ्यानंतर ताप यायला लागला, अंग उतरलं, थुंकीला वास यायला लागला. गजाननरावांनी हिंगोलीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं, बरोबर मी. फोटो काढला, उजव्या फुफ्फुसात खाली डाग निघाला. त्या डॉक्टरांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्यांनी बरोबर तोच प्रश्न विचारला. "आजोबा, कधी ठसका लागून जीव घाबरा झाला होता का? काही श्वासात गेलं होतं का?" मामा म्हणाले, "न्हाई बा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमच्या बघण्यात?" शेजारी गजाननराव बसलेले. मामांचा हात गुडघ्यावर होता, त्याची बोटं हलली. मी म्हणाले, "नाही." किती वेळ लागला ह्याला? शब्द एकच. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी वय, खोकला, ताप आणि तो डाग बघून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. मामा म्हणाले, "जन्मभर पिवळ्यात गेलो, आता लाल व्हऊन राहिलो." तेव्हा मी हसलेही होते, देवा.

टीबी म्हटल्यावर घर बदलतं. त्यांचा कप वेगळा, ताट वेगळं, मंजूने आजोबांच्या मांडीवर बसायचं नाही. बाज ओसरीच्या टोकाला गेली. आणि ज्याच्यासाठी एवढं झाकलं ते महिन्याभरातच गेलं. खोकणारा माणूस लोकांच्या हळदीवर वाकलेला कुणाला चालेल? शेठ स्वतः घरी आले, गोड बोलले, "आता आराम करा मामा" म्हणाले, बाहेरच्या बाहेरच चहा न घेता गेले. त्या दुपारी मी मामांसमोर जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "आता तरी सांगू द्या. आता काय जायचं राहिलंय?" मामा बराच वेळ खोकले, मग म्हणाले, "आता सांगितलंस तर गजानन इचारंल, तवा काहून बोलली न्हाईस? अन् डॉक्टरसमोर काहून खोटं बोललीस? मला म्हातारा म्हणून सोडून देईल. तुला सोडायचा न्हाई." ते खरं होतं. आता आम्ही त्यांची नोकरी झाकत नव्हतो, माझी अब्रू झाकत होतो. गप्प राहिलेला प्रत्येक दिवस आदल्या दिवसात मिसळत जातो आणि मग तोंड उघडायला जागाच राहत नाही. सहा महिने त्यांनी रोज गोळ्या गिळल्या. शिट्टी तशीच वाजत होती.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचं वजन मंजूच्या दप्तराएवढं राहिलं होतं असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही. गजाननराव कागद भरायला खाली गेले, आणि मी तिथल्या तरुण डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून सगळं सांगून टाकलं. तो रविवार, तो तुकडा, ती शिट्टी. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "किती दिवस झाले?" मी म्हणाले, "वर्ष व्हऊन गेलं." ते म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांत हे असंच होतं ताई. ठसका थांबतो, माणसं विसरतात, आणि आत सडत जातं. सुरुवातीला आला असता तर दुर्बिणीने काढून चार दिवसांत घरी पाठवलं असतं." दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. डॉक्टर बाहेर आले ते एक छोटी बाटली घेऊन. औषधाच्या पाण्यात बोटाच्या पेराएवढं हळकुंडाचं कांडकं, फुगलेलं, वरून काळपट, आणि पाणी पिवळं. विरघळलं नव्हतं. त्याच्यामागचं फुफ्फुस मात्र पुवाने भरलेलं होतं, ते आता वाचवता येणार नाही असं त्यांनी सांगितलं. गजाननराव बाटली उजेडात धरून बघत राहिले. मग खाटेजवळ जाऊन विचारलं, "दादा, हे आत कधी गेलं? कुणालाच कसं ठाऊक न्हाई?" मी भिंतीला टेकून उभी होते. मामांनी डोळे न उघडता सांगितलं, "मलाच ठाऊक नव्हतं, तर दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?" आणि मी, तिथेही, गप्प राहिले.

शेवटचं बोलणं माझ्याशीच झालं. रजेचा शेवटचा दिवस होता, सकाळची वेळ, गजाननराव चहा आणायला गेलेले. मामांनी हाताने खूण केली, बाटली दाखव म्हणून. मी डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ बघत राहिले. नळ्या होत्या, आवाज फुटत नव्हता, मला वाकावं लागलं, अगदी त्यांच्या छातीजवळ कान गेला माझा. आतली शिट्टी थांबली होती. ते म्हणाले, "शिजलेली व्हती का?" मला कळलं की वर्षभर ह्या माणसाला खोकल्यापेक्षा हेच टोचत होतं. त्या पाहुण्यांना न बघता दिलेला शब्द. मी पटकन म्हणाले, "व्हय मामा. चांगली शिजलेली व्हती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मोडून बघितलंस?" मी म्हणाले, "न्हाई." मग ते म्हणाले, "मग काहून सांगतीस?" हे ते रागाने म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि गिरणीवाले काका टोपी हातात घेऊन आले.

तेराव्यानंतर ती बाटली मी माझ्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवली होती. हा लेख लिहून झाल्यावर पहिल्यांदा गजाननरावांना वाचायला दिला. छापून आल्यावर वाचला असता तर मी आणखी एकदा झाकलं असं झालं असतं. ते ओसरीवर बसून वाचत होते, मामांच्या बाजेच्या जागी. वाचून झाल्यावर कागद घडी करून ठेवले, आत गेले, जेवले नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी डेपोत जाण्याआधी त्यांनी माझं कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या, बाटली काढली, आणि समोरच्या खोलीत मामांच्या फोटोशेजारी फळीवर ठेवली. लेखाबद्दल एवढंच म्हणाले, "पाठव." त्यांनी मला माफ केलं की नाही हे मला ठाऊक नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही. ते हळकुंड अजून कुणी मोडून बघितलेलं नाही. घरी येणारा जाणारा फोटोला हात जोडतो, मग त्याची नजर बाटलीवर जाते आणि तो विचारतो, हे काय हो? गजाननराव उत्तर देत नाहीत, माझ्याकडे बघतात. मग मी पदराला हात पुसते आणि पहिल्यापासून सांगायला बसते.